कृती आणि कर्ती



या अंकापासून आपल्या त्रैमासिकात एक नवे सदर सुरू होत आहे. पाककृतींचे. हे वाचून काहीजणींच्या भुवया वर जातील याची कल्पना आहे; संपादक मंडळाच्या बैठकीतही त्या गेल्याच. ‘बाईला चुलीपासून सोडवायला निघालो होतो, आता चकली खुसखुशीत कशी करावी ते शिकवणार का?’ असे एका ज्येष्ठ मैत्रिणीने विचारले. प्रश्न रागाने विचारलेला होता, पण रास्त होता. आपल्यासारखी नियतकालिके निघाली तीच मुळी ‘खास महिलांसाठी’ या पानाला कंटाळून. बाकी सगळे वर्तमानपत्र जगाचे आणि बाईसाठी अर्धे पान, त्यात एक उपाय केसांतल्या कोंड्यावर आणि एक उरलेल्या पोळ्यांवर. त्या अर्ध्या पानातून बाहेर पडायला आपल्याला पुष्कळ वर्षे लागली. आता पुन्हा आपल्याच पायाने तिकडे का जायचे?

तरीही सदर सुरू करायचे ठरले. त्याला निमित्त झाले मराठवाड्यातल्या एका वाचक मैत्रिणीने पाठवलेल्या कुरडयांच्या कृतीचे. उन्हाळा तोंडावर आहे, सासूबाईंची कृती आहे, जागा असेल तर छापा, एवढेच तिने सोबत लिहिले होते. कृती अशी होती : चार किलो गहू स्वच्छ धुऊन तीन दिवस भिजत घालावेत. रोज पाणी बदलावे. चौथ्या दिवशी वाटून, पाणी घालून चीक गाळून घ्यावा. रात्रभर ठेवून सकाळी वरचे पाणी ओतून टाकावे. चिकाइतकेच पाणी मीठ घालून उकळावे, त्यात चीक ओतत सतत हाटावे, गुठळी होऊ देऊ नये. वाफ आली की गरम असतानाच सोऱ्यातून कुरडया घालून कडक उन्हात वाळवाव्यात.

कृती अचूक आहे. आपल्यापैकी ज्यांनी कुरडया केल्या आहेत त्यांना त्यात खोट काढता येणार नाही. पण मी ती दोनदा वाचली आणि दुसऱ्यांदा वाचताना मनात आले, की या सगळ्या मजकुरात माणूसच नाही. घालावेत, बदलावे, ओतावे, हाटावे. कोणी? मराठी पाककृतीचे व्याकरणच असे आहे, की क्रियापदे पुष्कळ आणि कर्ता गायब. आपण पदार्थाच्या मजकुराला ‘कृती’ म्हणतो आणि करणारीचा उल्लेख करत नाही, तो गृहीत धरतो. ‘लागणारा वेळ’ अशी ओळ कधी असलीच तर ती आधणापासून मोजलेली असते. गहू निवडायला बसलेल्या बाईचा वेळ त्यात येत नाही.

म्हणून मी त्या मैत्रिणीला लिहिले, की कृती जरूर छापू, पण जिथे ‘घालावेत’ आहे तिथे कोणी घातले ते लिही. वेळ लिही, पाणी कुठून आले ते लिही. पंधरा दिवसांनी चार पाने आली. ती याच अंकात छापली आहेत, तेव्हा सगळे इथे सांगत नाही. पण थोडे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

‘रोज पाणी बदलावे’ हे तीन शब्द. तिच्या गावात नळाला चौथ्या दिवशी पाणी येते. म्हणजे गहू भिजत घालायचा दिवस पंचांग बघून नव्हे, नळ बघून ठरतो. भिजवणाचे आंबूस पाणी ती फेकत नाही, त्यात भांड्यांचा पहिला हात काढते आणि मग ते मोरीला. ‘वाटून’ म्हणजे पूर्वी पाटा-वरवंटा, आता मिक्सर. पण मिक्सर लहान, चार किलो गव्हाला तो किती वेळा भरावा लागतो आणि मध्ये मध्ये तापला म्हणून किती वेळ थांबावे लागते, ते तिने मोजून लिहिले आहे. चीक शिजवायचे काम पहाटे चारला सुरू होते, कारण ऊन वर यायच्या आत कुरडया खाटेवर पडल्या पाहिजेत. हाटणे हे एकीचे काम नाही. एक ओतते, दुसरी हाटते, आणि हाटणारीच्या खांद्याला रग लागली की तिसरी घेते. चीक शिजत आला की मुले वाट्या घेऊन येतात, कोणी दूध-साखर घालून खाते, कोणी तेल-मीठ घालून. तिने लिहिले आहे : ‘मला गरम चीक फार आवडतो. लग्नाला बावीस वर्षे झाली, गरम खाल्लेला आठवत नाही.’ साडेनऊला ती कामावर जाते. संध्याकाळी परत येऊन वाळलेल्या बाजूने उलटते.

कृतीत हे काहीच नव्हते. आणि चार किलोंच्या कुरडया वर्षभर पुरतात, त्या मुलीच्या सासरी जातात, मुंबईच्या दिराकडे जातात, सणाच्या ताटात डाव्या-उजव्या बाजूला बसतात. घराला त्या ‘घरच्या’ वाटतात. बाजारच्या असत्या तर किलोला भाव विचारला असता.

या भावाचा हिशेब सरकारने थोडाफार केला आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. दिवसभरात बिनपगारी घरकाम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांमध्ये ८१.२ टक्के निघाले आणि पुरुषांमध्ये २६.१ टक्के. जे करतात त्यांच्यातही बाईची रोजची २९९ मिनिटे आणि पुरुषाची ९७. पुन्हा २०२४ साली पाहणी झाली तेव्हा बाईची मिनिटे २८९ झाली. म्हणजे पाच वर्षांत दहा मिनिटे वाचली, असे म्हणून आनंद मानायचा, तर पुरुषाचीही ९७ वरून ८८ वर आली होती. कमी झालेले काम त्याने उचलले नाही एवढे तरी त्यावरून दिसते.

न्यायालयानेही हिशेब केला, पण कधी? दिल्लीत अपघातात दगावलेल्या एका पती-पत्नीच्या वारसांच्या भरपाईच्या दाव्यात जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गृहिणीच्या कामाला आर्थिक मोल आहे आणि भरपाई ठरवताना तिचे उत्पन्न मानून चालले पाहिजे. त्या निकालपत्रात वरची २९९ मिनिटेही आहेत. निकाल चांगला आहे, त्याचा उपयोग केला पाहिजे. मात्र जिवंतपणी शून्य आणि मेल्यावर दरमहा अमुक हजार, हे गणित वाचताना घशाशी येते.

आता कोणी म्हणेल, एवढे कष्ट आहेत तर सोडून द्या की कुरडया, विकत मिळतात. मिळतात, आणि ज्यांना सोडायच्या आहेत त्यांनी बिनदिक्कत सोडाव्यात, कोणत्याही सासूने वा मासिकाने त्यांना दोष देऊ नये. पण ‘कष्ट’ एवढ्या एकाच शब्दात हे काम बसवणे मला पटत नाही. चीक शिजला हे वासावरून आणि हाटताना लागणाऱ्या जोरावरून कळते, घड्याळावरून नाही. पापडाचे पीठ किती कुटायचे, सांडग्यात कोहळा किती, हे ज्ञान आहे. ते शाळेत न गेलेल्या बायांनी हातातून हातात दिले. लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ लिहिले, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली, तेव्हा या ज्ञानातले थोडे कागदावर आले. या पुस्तकांकडे नाक मुरडण्याची आपल्या चळवळीत एक रीत होती. ती मला कधी आवडली नाही. लग्न होऊन परक्या गावी गेलेल्या कितीजणींना विचारायला कोणी नव्हते, त्यांना या पुस्तकांनी हात दिला.

शिवाय गच्चीवर किंवा अंगणात सात-आठ जणी मिळून पापड लाटतात तेव्हा फक्त पापड होत नाहीत. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे अशी ती सावड असते. बोलणे होते. कोणाच्या घरी मारहाण होते हे आपल्या गटांना पुष्कळदा पोलिसांच्या कितीतरी आधी तिथे कळले आहे. महागाईविरोधी आंदोलनात, १९७२ नंतरच्या त्या दिवसांत, मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकरांबरोबर मुंबईच्या रस्त्यावर बायका लाटणी घेऊन उतरल्या. लाटणे प्रत्येकीकडे होते आणि ते कशासाठी उचलायचे हे समजावून सांगावे लागले नाही. स्वयंपाकघराबाहेर पडणे आणि स्वयंपाकघरासह बाहेर पडणे या दोन्ही गोष्टी आपल्या इतिहासात आहेत.

त्याच हातांना पैसे मिळाले तेव्हा काय झाले, तेही बघण्यासारखे आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तो लिज्जतचा उद्योग. गिरणगावात कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ पासून अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, सावकाराऐवजी बँकेच्या दारात नेले. काम तेच, लाटण्याचे आणि रांधण्याचे, पण हिशेबाच्या वहीत नाव आले. (लिज्जतच्या जाहिरातीत मात्र वर्षानुवर्षे पापड खात बसला तो ससा. लाटणारी तिथेही नव्हती.)

एवढ्यावर थांबलो तर आपण पुन्हा अर्धेच पान लिहिल्यासारखे होईल. कारण वाळवणाच्या गच्चीवर सगळ्याजणी नसतात. पाळी आलेलीची सावली पापडावर पडू नये म्हणून तिला खालीच बसवणारी घरे अजून आहेत, आणि तिला त्या दिवशी विश्रांती मिळते असे समर्थन करणाऱ्याही आहेत. विश्रांती द्यायची तर सावलीचे कारण कशाला लागते? आणि पाळी नसतानाही जिला कोणी बोलावत नाही, ती? सावड ही जातीच्या आळीतच फिरते. शेतात एकत्र खुरपणाऱ्या बाया पापडाला एकत्र बसत नाहीत, कारण पापड घरात जातो, वर्षभर ताटात येतो.

वाळवण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पापड, कुरडया, सांडगे येतात. दोरीवर वाळत घातलेल्या मांसाच्या पट्ट्या, चान्या, येत नाहीत. तेही वाळवणच. मिळाले त्या दिवशी न संपणारे आणि पुढे बरेच दिवस न मिळणारे अन्न टिकवण्याची तीच युक्ती, तेच ऊन, तेच बायकांचे हात. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली आले, तेव्हा आपल्यापैकी अनेकींनी हा शब्द पहिल्यांदा वाचला. ज्या वर्षी ते पुस्तक आले त्याच वर्षी राज्यात गोवंश हत्याबंदीचा विस्तारित कायदा लागू झाला आणि बैलाचे मांसही बेकायदा ठरले. म्हणजे कृती छापील झाली आणि जिन्नस गुन्हा झाला. किनाऱ्यावर कोळणी बोंबील, जवळा, सोडे वाळवतात, पण त्याच्या वासावरून शहरातल्या सोसायट्यांमध्ये भाडेकरूंना घर नाकारले जाते. आपल्या सदरात फक्त कुरडई आली आणि चान्या आल्या नाहीत, तर ते सदर ‘खास महिलांसाठी’चेच होईल. फार तर खादीच्या कापडात गुंडाळलेले.

पुरुषांबद्दल थोडे. हल्ली पुष्कळ घरांत ‘तो मदत करतो’ असे कौतुकाने सांगितले जाते. रविवारी मटण तो करतो, मसाल्याचे त्याला कळते. चांगले आहे. पण मटणाच्या आधीचा कांदा कोणी चिरला आणि नंतरचे पातेले कोणी घासले, हे या सदराच्या रीतीने लिहून काढा, म्हणजे मदत या शब्दाचा अर्थ आपोआप कळेल. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पुरुषांनी केलेल्या पदार्थांची छायाचित्रे फिरत होती. गव्हाला पाणी बदलतानाचे एकही माझ्या पाहण्यात आले नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या अंकासाठी पावसाळ्यातल्या कृती हव्या आहेत. रानभाज्या, श्रावणातले उपासाचे आणि उपास नसलेले पदार्थ, आखाडातले मटण, चिंबोऱ्या, काय करत असाल ते. रानभाजी असेल तर ती कोणत्या रानातून आली, ओळखायला कोणी शिकवले आणि आता ते रान कोणाच्या ताब्यात आहे हे लिहा. मापे वाटी-चमच्याची चालतील, चिमूट-मूठ चालेल. प्रत्येक कृतीत पाच गोष्टी मात्र हव्यात : कोणी केले, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, पाणी आणि जळण कुठून आले, आधी कोण जेवले आणि करणारीने कधी व काय खाल्ले. पुरुषांनी केलेल्या कृतीही घेऊ, याच अटींवर.

लिहिणे जमत नसेल तर व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवा, आम्ही उतरवून घेऊ. नाव छापायचे नसेल तर तसे कळवा, गावाचे नावही वगळू. बचत गटांनी बैठकीत एकत्र बसून एकच कृती लिहिली तर उत्तम. कोणाच्या घरी काय वेगळे होते यावर भांडण झाले तर तेही लिहून पाठवा. अंक जुलैच्या पहिल्या आठवड्यात छपाईला जातो, त्याआधी मजकूर हाती यावा.