रद्दी कुणाला द्यायची?

पुण्यात आता भंगार न्यायला अ‍ॅपवरून गाडी येते. आपल्या शिकलेल्या पोरांनाही ते सोयीचं वाटतं. पण रोज दारातून कचरा नेणाऱ्या ताईचं काय?

१९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. तिच्यातूनच आलेल्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचं काम घेतलं. सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया. घरटी शुल्क मिळतं, पण त्यांची भिस्त पुठ्ठा, बाटल्या, पत्रा विकण्यावरही असते. चांगला माल अ‍ॅपवाल्याला गेला की त्यांच्या वाट्याला डायपर आणि खरकटं उरतं.

कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या, असं २०१६ च्या घनकचरा नियमांनीच स्थानिक संस्थांना बजावलं. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला हा विषय आपणच काढायचा; चेअरमन काढणार नाहीत.