मोजणी कोठें थांबवावी?

शेतांत कीड किती आहे हें ठरविण्यासाठीं सर्व झाडें मोजणें शक्य नसतें. म्हणून आपण नमुना पाहतों. परंतु नमुना किती पाहावा, हा प्रश्न पुष्कळांस क्षुल्लक वाटतो. आमच्या मतें तो तसा नाहीं. कारण फवारणीचा सारा खर्च त्याच्या उत्तरावर अवलंबून असतो.

या प्रश्नाचें उत्तम उत्तर अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञांनीं दिलें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ सालीं, न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत युद्धसामग्रीच्या तपासणीचा विचार चालू असतां त्यांनीं ही रीत बसविली. १९४७ सालीं तिजवर त्यांचा ग्रंथ निघाला. नमुन्याची संख्या आधीं न ठरवितां एकेक नग पाहावा, आणि प्रत्येक वेळीं हातीं आलेल्या पुराव्यावरून माल घ्यावा, नाकारावा, कीं आणखी पाहावें, हें ठरवावें, असें तिचें सार आहे. तितक्याच खात्रीसाठीं बहुधा सुमारें निम्मेच नग पाहावे लागतात. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं बंगालमध्यें टप्प्याटप्प्यानें केलेली तागाच्या क्षेत्राची पाहणी वाल्ड यांनीं या रीतीची पूर्वगामी मानली होती. तेव्हां ही कल्पना शेतीस परकी नाहीं. वाल्ड भारतांत आले असतां डिसेंबर १९५० मध्यें नीलगिरीच्या डोंगरांत विमान-अपघातांत मरण पावले.

कपाशीचें उदाहरण घेऊं. गुलाबी बोंडअळीसाठीं वीस हिरवीं बोंडें फोडून पाहावीं व दोन जिवंत अळ्या आढळल्यास फवारावें, असा सल्ला दिला जातो. पहिल्या पांच बोंडांपैकीं तीन किडकीं निघालीं, तर उरलेलीं पंधरा फोडण्यांत अर्थ नाहीं. उलट विसांत नेमकीं दोन निघालीं, तर आणखी कांहीं बोंडें पाहणेंच शहाणपणाचें.

मात्र थांबण्याची मर्यादा मोजणीपूर्वींच ठरलेली असली पाहिजे. मनासारखें उत्तर आलें कीं थांबावयाचें, ही वाल्ड यांची रीत नव्हे. ती स्वतःची फसवणूक होय. दोन किडकीं बोंडें दाखवून बाटली खपविणारा विक्रेता हेंच करीत असतो.

वाणांच्या निवडीसहि हें तत्त्व लागू पडतें. हर्बर्ट रॉबिन्स यांनीं १९५२ सालीं दाखविलें कीं, दोन अपरिचित पर्यायांत प्रत्येक अनुभवानंतर वांटणी बदलीत गेल्यास अखेर चांगल्याकडे वळतां येतें. परंतु दुसऱ्याची परीक्षा अजिबात सोडतां कामा नये. एकाच पावसाळ्याच्या यशावरून सारें शेत एका वाणाखालीं आणणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

प्रत्येक पिकासाठीं अशा मर्यादांचे सोपे तक्ते कृषि विद्यापीठांनीं मराठींत तयार करावे व सहकारी संस्थांनीं ते गांवोगांव पोंचवावे. गणित पंडितांनीं करावें. परंतु मर्यादा पाळून मोजणें हें काम आपलें आहे, आणि तें दुसरा कोणी करणार नाहीं.