स्टोव्ह फक्त सुनेवरच का भडकतो?

नव्वदच्या दशकात मी शिकाऊ डॉक्टर होतो. सरकारी रुग्णालयाच्या जळीत वॉर्डात रात्रपाळी असायची. केसपेपरवर बहुतेक वेळा एकच वाक्य : ‘स्वयंपाक करताना स्टोव्हचा भडका उडाला.’ खाटेवर विशी-पंचविशीतली विवाहिता. त्याच स्टोव्हवर तीस वर्षे चहा करणारी सासू मात्र त्या वॉर्डात मला क्वचितच दिसली. पुरुष यायचे ते विजेचा धक्का बसून, नाहीतर कारखान्यात भाजून.

सगळेच खोटे नव्हते. जमिनीवर ठेवलेला पंपाचा स्टोव्ह, तो पेटता असतानाच ओतलेले रॉकेल आणि अंगावर नायलॉनची साडी, एवढे पुरते. अशा अपघातात सहसा हात, चेहरा आणि शरीराची पुढची बाजू भाजते. पण डोक्यापासून पाठीपर्यंत भाजलेली, केसांना रॉकेलचा वास येणारी मुलगी दाराकडे बघत ‘भडका उडाला’ म्हणते, तेव्हा डॉक्टरला शंका यायलाच हवी. दारात सासरची माणसे उभी, तान्हे मूल त्यांच्याच हातात. ती दुसरे काय सांगणार? कोणी ओतले असो की छळाला कंटाळून तिनेच ओतून घेतले असो, त्याला ‘अपघात’ म्हणणे मला मान्य नाही.

आता घरोघरी गॅस आला. माझ्याकडे भाजून येतात ती जास्त करून लहान मुले. बादलीत आधी कढत पाणी ओततात आणि विसणासाठी वळतात, तेवढ्यात मूल हात घालते. म्हणून आधी गार पाणी, मग कढत. भाजलेच तर २० मिनिटे नळाचे वाहते पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ काही नको. (टूथपेस्ट लावून आणलेली जखम आम्हाला आधी धुवावी लागते आणि मूल दुसऱ्यांदा किंचाळते.)

पण तरुण सुना अजूनही भाजतात. केसपेपरवर स्टोव्हच्या जागी आता गॅस असतो. गॅस खरोखर गळतोही, म्हणूनच प्रत्येकीला नीट विचारायला हवे, आणि तेही एकटीला. गंभीर भाजलेल्या बाईचा जबाब घेण्याआधी ती शुद्धीवर आहे, बोलू शकते, हे डॉक्टरच लिहून देतो. तेव्हा तुमच्या घरातल्या लेकीसुनेला घेऊन याल आणि डॉक्टर ‘जरा बाहेर थांबा’ म्हणतील, तर रागावू नका. आईवडील असलात तरी बाहेर थांबा.