माणसाला 'क्लास फोर' म्हणू नका

अमरावती-अकोल्यात स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीवर्गांचे फलक 'क्लास वन' झालेल्यांच्या फोटोंनी भरलेले असतात आणि लग्नाच्या बायोडाटातही तोच शब्द मुलाच्या नावालगत येतो. सरकारी कागदावर आता गट-अ ते गट-ड आहे. बोलण्यात मात्र जुनी इंग्रजी वर्गवारी कायम आहे. ती पदांची होती, आपण ती माणसांना चिकटवली. 'तो क्लास फोर आहे' म्हणताना तो शिपाई आहे की सफाई कामगार, हेही आपण सांगत नाही. फक्त त्याची पायरी सांगतो. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी हयातभर हाती झाडू धरला. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्याच शहरात झाडणाऱ्याची ओळख एका आकड्यात उरकावी, हे मला सहन होत नाही.

कुणी म्हणेल, उतरंड काही इंग्रजांनी आणली नाही. देशमुख, पाटील, सालदार हे सारं आपलंच. खरं आहे. शिवाय ज्या गावात आडनावावरून जात हुडकली जाते, तिथल्या दलित मुलाला 'क्लास वन'नं खुर्ची आणि मान दिला; त्याचा अभिमान रास्तच आहे. पण पाडव्याला साल ठरवणारा सालदार निदान कामाच्या नावानं तरी ओळखला जातो. 'क्लास फोर'मध्ये कामही पुसलं जातं. पगारासाठी श्रेणी लागते, ती आस्थापनेच्या फायलीत राहू द्या. कचेरीत हाक नावानं मारावी, ओळख कामानं द्यावी. त्यासाठी कुठल्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.