मागच्या बाकावरची माणसे

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी कात्री घेऊन मोटारीच्या मागच्या बैठकीची उसवाउसव करीत बसले होते. शेव तळावयाची राहिली होती, अनारशांचे पीठ वाट पाहत होते आणि घरची गृहिणी अंगणात मोटारीत शिरलेली! "अगं, दिवाळी घरात असते की मोटारीत?" असे आत्याबाईंनी व्हरांड्यातून दोनदा विचारलेही. पण वाचकहो, एक गोष्ट वर्षभर माझ्या मनाला लागून राहिली होती. ती निस्तरल्याशिवाय मला फराळ गोड लागणार नव्हता.

गेल्या भाऊबीजेला आम्ही देवळाली कॅम्पहून दादरला माझ्या भावाकडे निघालो होतो. मोटार हे चालवीत होते, शेजारी मी, मागे आत्याबाई, आमची लेक आणि तिच्या मांडीवर तीन वर्षांचा नातू. कसाऱ्याचा घाट सुखरूप उतरलो. पुढे शहापूरच्या अलीकडे समोरच्या टेंपोने एकाएकी ब्रेक लावला, ह्यांनीही लावला. मोटार वेळेवर थांबली, कोठे ओरखडासुद्धा उठला नाही. थांबला नाही तो आमचा नातू. लेकीच्या हातांतून निसटून तो पुढच्या बैठकीच्या पाठीवर आपटला. भुवईवर तीन टाके पडले. टाके घालता घालता डॉक्टरांनी सहज विचारले, "पट्टे नव्हते का?" काय सांगावयाचे? पट्टे होते. पण ज्यात ते अडकवावयाचे, ती मागची खटक्याची कुलपे बैठकीच्या मखमली कव्हराखाली गाडली गेली होती. आणि ते कव्हर हौसेने पसंत केले होते मी.

'मागे बसणाऱ्याला कसली भीती?' ही समजूत आपल्या घराघरांत किती घट्ट बसली आहे पहा. पट्टा लावावयाचा तो पुढच्यांनी, तोही चौकातला हवालदार दिसला की. मागची बैठक म्हणजे वडीलधाऱ्यांची, पाहुण्यांची, मानाची जागा. ३ जून २०१४ च्या सकाळी दिल्लीत विमानतळाकडे निघालेले गोपीनाथ मुंडे अशाच मागच्या जागेवर बसले होते. केंद्रात मंत्री होऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. ४ सप्टेंबर २०२२ ला उदवाड्याहून मुंबईकडे परतताना पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. पुढच्या बैठकीवरचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मोटार चांगली भक्कम, महागातली होती. आमच्या कॅम्पात पारशी मंडळींची जुनी घरे आणि आरोग्यधामे आहेत. त्या आठवड्यात बाजारात दुसरा विषय नव्हता. पुढे १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत मागच्यांच्या पट्ट्याचीही सक्ती सुरू झाली. खरे म्हणजे देशाच्या नियमांत ती त्याच्या कितीतरी आधीपासून होतीच. आपण ती वाचलेली नव्हती, इतकेच.

यातले गणित आमच्या लेकीने मला कागदावर मांडून दाखविले. मोटार ताशी ५० किलोमीटरने धावते तेव्हा आत बसलेले आपणही ५० नेच धावत असतो. मोटार भिंतीवर आदळून थांबली तरी आपल्याला कोणी थांबविलेले नसते. तो धक्का सुमारे दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्याइतका! आणि मांडीवरचे मूल? चौदा किलोचे मूल ताशी ४० च्या धडकेत क्षणभर दीड क्विंटलाच्या ओझ्यासारखे हातांवर येते. कोणत्या आईच्या हातांत तेवढे बळ असते? बरे, मागचा मोकळा माणूस पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो. तेव्हा मागच्याने पट्टा लावावयाचा तो पुढच्यासाठीसुद्धा.

खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा हा पट्टा नील्स बोहलीन नावाच्या स्वीडिश अभियंत्याने काढला. आधी तो विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या तयार करी. पुढे व्होल्व्हो कंपनीत आला आणि माणसाला खुर्चीतच धरून ठेवण्याच्या उद्योगाला लागला. १९५९ साली हा पट्टा मोटारीत आला, आणि कंपनीने तो दुसऱ्या कंपन्यांनाही वापरू दिला. आणि आपण काय केले? पट्टा न लावल्यास मोटार टुणटुण वाजते, तर ती गप्प करण्यासाठी कुलपात अडकवावयाची नुसती खोटी जीभ विकत आणली! आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी ती मोठ्या कौतुकाने मला दाखविली होती. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना हा माल काढून टाकावयास लावला, तेव्हा कोठे तो मागे पडला.

"आता एअरबॅगा आहेत की," असे हे म्हणतात. आहेत, आणि असाव्यातच. पण एअरबॅग डोळ्याचे पाते लवण्याच्या आत फुटून अंगावर येते. पट्ट्याने धरलेल्या माणसाला ती झेलते. मोकळा माणूस तिच्यावर वेळेआधीच जाऊन पडला तर तीच त्याला मारते. तान्ह्याची पाठमोरी खुर्ची म्हणूनच एअरबॅग असलेल्या पुढच्या जागेवर कधीही ठेवू नये. मोटारीपुढे लोखंडी दांड्यांचे कुंपण लावण्याचीही एक हौस असते. धक्का ओळखणाऱ्या यंत्राचा अंदाज त्याने चुकतो, आणि पायी चालणाऱ्याला तर ते फारच लागते. २०१७ च्या डिसेंबरात सरकारने ते बेकायदा ठरविले. बैठकीच्या कडेतून उघडणाऱ्या एअरबॅगा असतील तर वाटेल ते कव्हरही चालत नाही, हे मला कात्री हातात घेतल्यावर कळले.

ह्यांचे आणि माझे खरे भांडण आहे ते ब्रेकवरून. हे मोटार शिकले जुन्या फियाटवर. ब्रेक एकदम दाबला तर चाके जाम होऊन मोटार घसरे. म्हणून दाबा-सोडा, दाबा-सोडा, अशी त्यांची पायाला सवय. आताच्या मोटारीत ते काम एबीएस करते, आणि माणसाच्या पायापेक्षा पुष्कळ जलद करते. २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना ते सक्तीचे आहे. त्यात पाय घट्ट दाबून धरावयाचा, पायाखाली थरथर जाणवली तरी सोडावयाचा नाही आणि सुकाणू वळवून अडथळा चुकवावयाचा. ह्यांना हे पटवावयाला मला दोन रविवार आणि मोकळे मैदान लागले!

घाटाची गोष्ट मात्र वेगळी. तेथे जुने लोकच खरे. ज्या गिअरात घाट चढावा त्याच गिअरात उतरावा. पेट्रोल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये मोटार सोडणारे शहाणे अजून भेटतात. मग सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात, आणि पुरेसे तापले की पाय दाबूनही मोटार हवी तशी थांबत नाही. त्यात कोणी इंजिन बंद केले तर ब्रेकला मिळणारी मदत एकदोन दाबांतच संपते आणि सुकाणू जड होते. चिंचोळ्या घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, हा तर नियमच आहे. इगतपुरीच्या धुक्यात मोठे दिवे लावू नयेत. समोर पांढरी भिंत उभी राहते. दिवे खाली पाडावेत.

अंतर राखावयाचे मी शिकले ते मात्र आमच्या कॅम्पात. तोफखान्याच्या शाळेचे ट्रक रांगेने निघाले की दोन ट्रकांमधली जागा कशी मोजून घेतल्यासारखी असते. मी अशी मोजते : पुढची मोटार खांबापाशून गेली की 'देवळाली कॅम्प' असे सावकाश तीनदा म्हणावयाचे. तिसऱ्यांदा म्हणून होण्याआधीच आपण खांबापाशी पोहोचलो तर फार जवळ आहोत. ताशी ४० ला मोटार थांबावयास वीसएक मीटर पुरतात. ८० ला कोरड्या रस्त्यावरही पंचावन्नाच्या वर लागतात. वेग दुप्पट, अंतर जवळजवळ तिप्पट. पावसात आणखी जास्त.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. यंदा आम्ही त्याच वाटेने, सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून जाणार. सिमेंटच्या सरळ रस्त्यावर तासन्‌तास धावताना कस लागतो तो टायरांचा. टायरवर चार आकडे असतात : '२३२१' म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. आमच्या एका टायरचे वय पाहून मी तो तेव्हाच बदलविला. हवा थंड टायरात, निघण्यापूर्वी भरावयाची. आणि रात्री बारापर्यंत चकल्या तळणाऱ्या बाईने पहाटे चारला मोटार हाती घेऊ नये, हे मला मीच बजावले आहे. आम्ही सकाळी आठला निघणार.

कव्हर निघाले. तिन्ही कुलपे वर आली. मधल्यात शेंगदाण्याचे टरफल अडकले होते, ते हेअरपिनेने काढले. नातवासाठी त्याची स्वतःची खुर्ची आणून बांधली. चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याशिवाय नेले तर २०१९ च्या दुरुस्तीपासून चालविणाऱ्याला हजार रुपये दंड आहे; पण मला टाके पुरेसे होते.

राहिल्या आत्याबाई. "माझी नऊवारी चुरगळेल, आणि पोट आवळेल ते निराळेच." त्यांना शेजारी बसवून दाखविले : कमरेचा पट्टा पोटावर घ्यावयाचाच नाही, खाली कंबरेच्या हाडांवर घ्यावयाचा, दुसरा खांद्याच्या मधून, मानेला न लागता. गरोदर बाईनेही तसाच, पोटाच्या खालून. आत्याबाईंनी दोनदा खटका लावून पाहिला, काढून पाहिला. मग त्यांचे लक्ष मागच्या काचेजवळच्या फळीवर गेले. भावासाठी भरलेला चकल्यांचा स्टीलचा डबा मी तेथेच ठेवला होता.

"आणि ह्याला पट्टा कोण लावणार?" त्या म्हणाल्या. "माझ्या डोक्यामागे आहे तो!"

डबा मी निमूटपणे डिकीत नेऊन ठेवला, लाडवांच्या खोक्याच्या आणि घडी केलेल्या सतरंजीच्या मध्ये.