तेल्या आलाय, तर सांगा



सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर, कुठंबी जावा, डाळिंबवाला म्हणतो, "आपल्या बागेत तेल्या नाही." मग शेजारच्या बागेत तो येतो कुठनं?

तेल्या जिवाणूचा रोग. पावसाच्या शिंतोड्यानं, छाटणीच्या कात्रीनं पसरतो, आणि लांबच्या गावाला जातो तो गुटीच्या रोपातनं. रोगट बागेतली गुटी निरोगी सांगून विकणारा चार पैसे कमावतो, पण घेणाऱ्याची दोन-तीन वर्षं खातो. ह्याला मी धंदा म्हणत नाही.

"तेल्या मुळासकट घालवा" म्हणून बाटली विकणाराबी त्याच जातीचा. फळावर डाग पडून ते तडकलं, की कुठल्याच औषधानं नीट होत नाही. कडू हाय, पण खरं हाय. मला भरोसा वाटतो तो कंटाळवाण्या कामाचा. गळालेली फळं-पानं वेचून जाळायची, दर झाडाला कात्री हायपोक्लोराईटच्या पाण्यात बुडवायची, बागेला विश्रांती द्यायची, मृग सोडून हस्त धरायचा. (मृगाच्या मालाला मोकळा बाजार दिसतो, पाऊस मात्र कुणी बघत नाही.) शंका आली तर केगावचं डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरातच हाय, विचारायला लाज कसली?

ज्याच्या बागेत आलाय त्यानं आजच शेजाऱ्याला फोन करावा, म्हणजे तो वेळेत फवारणी घेईल. आणि त्या बागेतली गुटी कुणाला देऊ नका, पाव्हण्यालासुद्धा.