गळ, दोरी आणि गांठ

आमच्या वाचकवर्गांत असें कुटुंब आतां विरळाच असेल कीं, ज्यांतील एखादा तरी मुलगा, पुतण्या किंवा भाचा अमेरिकेंत नाहीं. त्यांच्याकडे चार-सहा महिने जाऊन राहण्याचा प्रसंग वडील मंडळींस येतो, आणि मग तिकडच्या नातवंडांचे छंद आपणांस शिकून घ्यावे लागतात. आम्हांसहि गेल्या वसंतांत असा एक छंद शिकावा लागला. तो छंद म्हणजे गळानें मासे धरणें. शाकाहारी घरांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत हा विषय पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. आमच्याहि पडली होती. परंतु घरांतील मुलगा ज्यांत रात्रंदिवस रमला आहे तें काय आहे हें न पाहतांच त्यास नांवें ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटेना.

आमचा पुतण्या टेक्सस संस्थानांतील डॅलस शहरीं असतो. त्याचा मुलगा बारा वर्षांचा. ह्या मुलास 'बास' नांवाच्या माशानें अक्षरशः वेड लाविलें आहे. त्यास मराठींत प्रतिशब्द नाहीं, कारण तो मासा आपल्या नद्यांतला नव्हे. गोड्या पाण्यांतील हा मासा पाठीवर शेवाळी हिरवा, पोटाकडे पांढुरका, कुशीवर काळसर पट्टा असलेला, आणि त्याचा जबडा इतका मोठा कीं त्याची कड डोळ्याच्याहि मागें जाते. तो बुडालेल्या ओंडक्याच्या आडोशास दबा धरून बसतो व भक्ष्य जवळ येतांच झडप घालतो. आजवरचा सर्वांत मोठा म्हणून नोंदलेला मासा जॉर्ज पेरी नांवाच्या तरुण शेतकऱ्यानें २ जून १९३२ रोजीं जॉर्जिया संस्थानांत धरिला; त्याचें वजन २२ पौंड ४ औंस भरलें. पुढें २००९ सालीं जपानांतील बिवा सरोवरावर मानाबु कुरिता ह्यांनीं २२ पौंड ५ औंसांचा धरिला. पण दोन औंसांहून कमी फरक मोजावयाचा नाहीं असा नियम असल्यामुळें दोघांचा विक्रम बरोबरीचा मानतात. पेरी त्या दिवशीं मित्राबरोबर गेला होता आणि दोघांत मिळून काठी एकच होती, हें आमच्या नातवानें आम्हांस सांगितलें, तें मात्र बापाकडे दुसऱ्या काठीचा हट्ट धरण्याच्या आधींचें होतें.

पेरीच्या घरीं तो मासा शिजला. हल्लीं बहुतेक लोक धरलेला बास पाण्यांत परत सोडतात. १९६७ सालीं आर्कन्सासमधील बीव्हर सरोवरावर रे स्कॉट नांवाच्या गृहस्थांनीं बास धरण्याच्या मोठ्या शर्यती सुरू केल्या, आणि १९७२ पासून त्यांनींच स्पर्धकांस मासे जिवंत ठेवून सोडावयास लाविलें. तेथून हा प्रघात फैलावला. आमच्या मंडळींनीं हें ऐकिलें मात्र, आणि विचारलें, "सोडायचाच आहे, तर धरायचा कशाला?" ह्या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर पुतण्यास देतां आलें नाहीं, आम्हांसहि अद्याप सुचलेलें नाहीं. तथापि एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. मासा सोडावयाचा असें एकदां ठरलें, म्हणजे काठी, रीळ, दोरी व गांठ ह्या चौघांची निवड तो हातीं कसा येईल एवढ्यावरच नव्हे, तर तो धडपणें परत कसा जाईल ह्यावरहि करावी लागते. आणि मग दुकानदार ज्या क्रमानें माल दाखवितो तो क्रमच उलटा ठरतो. दुकानांत काठी आधीं, मग रीळ, मग दोरी. गांठ कोणी विकत नाहीं, म्हणून तिचें नांवहि कोणी काढीत नाहीं.

काठीविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. एके काळीं ह्या काठ्यांचा बांबू आपल्या देशांतून जात असे. पेनसिल्व्हानियांतील ईस्टन गांवीं सॅम्युएल फिलिप नांवाच्या बंदुका घडविणाऱ्या कारागिरानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बांबूच्या चिरफळ्या सरसानें जोडून काठी बनविली. त्या वेळीं वापरला जाणारा बांबू कलकत्त्याच्या बंदरांतून येई आणि 'कलकत्ता केन' ह्याच नांवानें ओळखला जाई. पुढें चीनच्या टोंकिन बांबूनें त्यास मागें टाकिलें, दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतु आले, आणि १९७० नंतरच्या दशकांत कर्बतंतु. काठी घेतांना दोन गुण पाहावे: ती वांकविण्यास किती जोर लागतो, आणि ती कोठें वांकते. नुसतें टोंक वांकणारी काठी एकेरी आंकड्यास चांगली, कारण झटका लगेच पोंचतो. तिहेरी आंकड्यांच्या लांकडी वा प्लॅस्टिकच्या खोट्या माशास मात्र निम्म्यापर्यंत वांकणारी बरी, नाहींतर झटक्यासरशी आंकडा माशाचें तोंड फाडून सुटतो. मुठीच्या वर बारीक अक्षरांत दोरीचें व आमिषाचें वजन छापलेलें असतें. तें वाचल्याशिवाय काठी घेऊं नये. मुलासाठीं साडेसहा फूट लांबीची मध्यम ताकदीची काठी पुरे होते. किंमत दुप्पट झाली म्हणून मासा दुप्पट होत नाहीं.

रिळाचा इतिहास मात्र मोठा मनोरंजक आहे, आणि त्यांत घड्याळजींचा हात सारखा दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं केंटकी संस्थानांतील पॅरिस नांवाच्या गांवीं जॉर्ज स्नायडर हा घड्याळाचें व चांदीचें काम करणारा कारागीर राहत असे. त्यानें दांतेरी चाकें बसवून असें रीळ केलें कीं, मूठ एकदां फिरविली म्हणजे दोरीचें चाक अनेक फेरे घेई. आजचें बास धरण्याचें आडवें रीळ त्याच वंशांतलें. त्यानें आमिष नेमक्या जागीं टाकितां येतें. पण त्याचा एक दुर्गुण प्रसिद्ध आहे. आमिष हवेंत मंदावतें आणि चाक मात्र त्याच वेगानें फिरत राहतें. मग दोरीचा असा गुंता होतो कीं, तो सोडवितां सोडवितां सूर्य मावळावा. शिकाऊ माणसानें बाजूची कळ अशी फिरवून ठेवावी कीं, टोंकाशीं लोंबणारें आमिष सोडलें असतां सावकाश खालीं यावें, आणि तें जमिनीस टेकतांच चाक थांबावें. शिवाय अंगठा चाकावरून उचलूं नये.

ह्या गुंत्यावर तोडगा काढणाराहि पुन्हां घड्याळजीच. टेक्ससमधील आर. डी. हल ह्यानें वाण्याच्या दुकानांत पुडा बांधतांना दोरा स्थिर रिळाच्या टोंकावरून सुटा होत जातो हें पाहिलें, असें सांगतात. चाक फिरतच नाहीं, मग गुंता कोठून? ही कल्पना घेऊन तो ओक्लाहोमांतील टल्सा येथील एका कारखान्यांत गेला. तेथें तेलविहिरी खणतांना लागणारे घड्याळी बाँब बनवीत असत, आणि कारखान्याचें नांवहि 'झिरो अवर बाँब कंपनी' असेंच होतें. १९४९ सालीं तेथून पहिलीं बंद तोंडाचीं रिळें निघालीं, आणि बाँबचा व्यवसाय मागें पडून आजची 'झेब्को' ही कंपनी झाली. लहान मुलाच्या हातीं प्रथम हेंच रीळ द्यावें. पुढें उघड्या तोंडाचें, आणि आडवें रीळ सर्वांच्या शेवटीं. कोणतेंहि रीळ घेतलें तरी त्यांतील रोध, म्हणजे मासा ओढूं लागला असतां दोरी किती ताणावर सुटावी तें माप, दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवावें. दहा पौंडांच्या दोरीस सुमारें तीन पौंड. ताणकाटा लावून हें घरीं पाहतां येतें.

दोरी हल्लीं तीन जातींची मिळते. पूर्वी रेशमी दोरी असे. ती रोज संध्याकाळीं उलगडून वाळवावी लागे, नाहींतर कुजे. १९३८ सालीं नायलॉन आलें आणि ती कटकट गेली. नायलॉन स्वस्त, मऊ, ताणलें तर लांबणारें आणि नवशिक्याच्या चुका पोटांत घालणारें; मात्र उन्हानें त्याचा कस जातो, म्हणून दर हंगामास बदलावें. फ्लुरोकार्बन पाण्यांत बुडतें, घासणीस टिकतें, आणि प्रकाश वांकविण्याचा त्याचा गुण नायलॉनपेक्षां पाण्याच्या अधिक जवळचा असल्यामुळें माशास कमी दिसतें. तिसरी पॉलिएथिलीनच्या धाग्यांची विणलेली. ती बारीक असून जबरदस्त, मुळींच न लांबणारी, पण गुळगुळीत असल्यामुळें भलतीच गांठ मारली तर सरकणारी. आम्हीं नातवासाठीं दहा पौंडांचें नायलॉन पसंत केलें. दुकानांतील एका तरुणानें सहा पौंडांची दोरी सुचविली. त्यांत कसब अधिक दिसतें म्हणे. कसब दिसेलहि. पण बारीक दोरीवर मासा लवकर ओढून घेतां येत नाहीं. तो दमून अर्धमेला होईपर्यंत खेळवावा लागतो, आणि मग सोडला तरी जगेलच असें नाहीं.

आतां गांठ. येथें आम्हांस स्वतःची चूक सांगणें भाग आहे.

डॅलसच्या उत्तरेस डेंटनजवळ रे रॉबर्ट्स नांवाचें मोठें सरोवर आहे. टेक्ससमधील बहुतेक मोठ्या सरोवरांप्रमाणें हेंहि धरणाचेंच पाणी. बुडालेल्या झाडांचे वाळके बुंधे अद्याप वर डोकावतात. तेथील सरकारी उद्यानांत कांठावरून मासे धरण्यास परवाना लागत नाहीं. वसंताचे दिवस होते. कांठच्या उथळ पाण्यांत ताटाएवढे स्वच्छ गोल दिसत होते, आणि एकेका गोलावर एक मासा पहारा करीत होता. पुतण्यानें सांगितलें, हे नर आहेत. पाणी ऊबदार होऊं लागलें म्हणजे नर शेपटीनें जागा झाडून घरटें करतो, मादी अंडीं घालून निघून जाते, आणि पिलें मोठीं होईपर्यंत राखण बाप करतो. त्यास क्षणभर बाजूस काढला तरी ब्लूगिल नांवाचे लहान मासे अंडीं फस्त करतात. तेथें गळ टाकावयाचा नाहीं असें बापलेकांनीं आधींच ठरविलें होतें. आम्हांस तें फार आवडलें.

आम्ही पुढें बुंध्यांपाशीं गेलों. आमिष बदलतांना गांठ आम्ही मारूं असें आम्हीं हौसेनें म्हटलें आणि घाईघाईनें चार वेढे देऊन कोरडीच आवळली. थोड्याच वेळांत मोठा मासा लागला. पोरानें त्यास पांच मिनिटें छान सांभाळिलें, आणि एकाएकीं काठी सरळ झाली. दोरी ओढून घेतली तों टोंक कुरळें झालेलें. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. परंतु दोरी तुटली तर टोंक फाटलेलें असतें, आणि गांठ सुटली तर तें असें कुरळें होतें, हें आम्हांस मागाहून कळलें. नातू बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आजोबा, त्याच्या तोंडांतला आंकडा आतां कोण काढणार?"

असे आंकडे कांहीं मासे कालांतरानें झटकून टाकतात, असें आम्हीं त्यास सांगितलें. तें खोटें नाहीं. पण त्यानें विचारलेल्या प्रश्नाचें तें उत्तर नव्हतें.

त्या रात्रीं जेवणाच्या टेबलावर गांठींची शाळा भरली. दोन गांठी नीट आल्या कीं काम भागतें. पहिलीस पालोमार म्हणतात. दोरी दुहेरी करून आंकड्याच्या डोळ्यांतून घालावी, त्या दुहेरी दोरीची साधी सैल गांठ मारावी, खालीं उरलेल्या फांसांतून सगळा आंकडा काढावा, आणि मग दोन्ही पदर एकदम ओढावे. कोणत्याहि दोरीस ती चालते, विणलेलीसहि. दुसरी क्लिंच: दोरी डोळ्यांतून घालून मूळ दोरीभोंवतीं पांच-सहा वेढे द्यावे, टोंक डोळ्याजवळच्या लहान फटींतून काढून नंतर मोठ्या फांसांतूनहि न्यावें. ही नायलॉनास उत्तम, विणलेल्या दोरीस नको. गांठ आवळण्यापूर्वी ती ओली करणें मात्र अवश्य आहे. कोरडी दोरी स्वतःवरच घासते, तापते, आणि नेमक्या त्याच जागीं तिचा कस जातो. फ्लुरोकार्बनास तर ही आंच मुळींच सोसत नाहीं. गांठ हळू आवळावी, हातानें ताणून पाहावी, आणि टोंक अगदीं मुळाशीं कापूं नये.

ओली करण्याची तिकडची रीत म्हणजे गांठ तोंडांत धरणें. आमच्या मंडळींस तें पाहवेना. दोरी उष्टी, आणि तीच त्या जीवाच्या तोंडांत! त्यांनीं स्वयंपाकघरांतून पाण्याचें फुलपात्र आणून टेबलावर ठेविलें आणि, आम्ही धडपडत असलेली पालोमार दोनदां पाहून, तिसऱ्या वेळीं स्वतःच मारून दाखविली. चाळीस वर्षें सुईंत दोरा ओविणाऱ्या हातास ह्यांत अवघड तें काय? आंकड्याचा उलटा कांटा पकडीनें दाबून टाकावा, म्हणजे तो अलगद निघतो, ही सूचना पुतण्याची. पण कांटे दाबले आहेत कीं नाहींत हें बोट फिरवून तपासण्याचें काम त्या रात्रीपासून मंडळींनींच घेतलें.

पुढच्या रविवारीं त्याहि आमच्याबरोबर आल्या आणि कांठाशीं खुर्ची टाकून, पाण्याकडे पाठ करून, विणीत बसल्या. दुपारच्या सुमारास नातवास दोन पौंडांचा मासा लागला. त्यानें तो फार न खेळवितां जवळ घेतला, हात पाण्यांत भिजवून मग त्यास धरिलें, कारण कोरड्या हातानें अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. एका हातीं खालचा ओंठ, दुसरा हात पोटाखालीं. आंकडा काढला, आणि मासा पाण्यांतच धरून ठेविला. क्षणभर तो नुसता कल्ले हलवीत राहिला, मग शेपटीचा एक फटकारा मारून खोल पाण्यांत दिसेनासा झाला.

"गेला का रे नीट?" मागें न पाहतांच मंडळींनीं विचारलें.

"गेला, आजी."

"मग दोरीच्या टोंकावरून नख फिरवून बघ. खरबरीत लागली तर तेवढी कापून टाक आणि इकडे आण."